परक्या प्रोग्रॅमचे आयकॉन लिनक्स डेस्कटॉपशी जुळवताना

प्लाझ्मा किंवा ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपवर आयकॉन थीम (आयकॉनचा संच) बदलली, फाइल मॅनेजरही बदलला, पण एखादा प्रोग्रॅम जुनंच रूप दाखवतो. अशा वेळी थीमला हात लावण्याआधी तो प्रोग्रॅम आयकॉन कुठून घेतो ते बघा. काही प्रोग्रॅम 'डॉक्युमेंट-सेव्ह' अशा नावाने सिस्टिमकडे आयकॉन मागतात. ते थीमबरोबर बदलतात. काही स्वतःची चित्रं सोबत आणतात आणि तुमच्या थीमकडे बघतही नाहीत.

लिब्रेऑफिस हा ऑफिसच्या कामाचा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रकारातला. त्याची प्रत्येक आयकॉन थीम म्हणजे एक झिप फाइल, म्हणून ती त्याच्याच ऑप्शन्समध्ये निवडावी लागते. डेबियन-उबुंटूवर ब्रीझ (प्लाझ्माची नेहमीची आयकॉन शैली) वेगळ्या पॅकेजमध्ये असते. ते टाकलेलं नसेल, तर यादीत ब्रीझ दिसतच नाही. टूलबारसाठी १६, २४ आणि ३२ पिक्सेल ही मापं मिळतात. शेजारच्या खिडक्यांशी ताडून माप निवडा.

मेनूतला आयकॉन अडला असेल, तर प्रोग्रॅमची डेस्कटॉप फाइल (मेनूतलं नाव नि आयकॉन ठरवणारी छोटी फाइल) उघडा. 'आयकॉन' ओळीत चित्राचा पूर्ण पत्ता लिहिलेला असेल, तर थीम लागू होत नाही. फाइलची प्रत आपल्या होममध्ये (वैयक्तिक फोल्डरात) 'डॉट लोकल'मधल्या 'शेअर'खालच्या 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरात ठेवून तिथे फक्त नाव लिहा. मूळ फाइल बदललीत, तर पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसला जातो.

स्वतः आयकॉन घालताना सगळ्यात जास्त वेळ खाते ती कॅश, म्हणजे आयकॉन पटकन सापडावेत म्हणून साठवलेली यादी. जीटीके (ग्नोमचे प्रोग्रॅम ज्यावर बनतात ते टूलकिट) कॅशची तारीख थीमच्या मुख्य फोल्डरच्या तारखेशी ताडून बघतं. तुम्ही चित्र टाकता आतल्या उपफोल्डरात, त्यामुळे मुख्य फोल्डरची तारीख जुनीच राहते आणि जुनी कॅश चालू राहते. आयकॉन-कॅश अपडेटची आज्ञा 'फोर्स' पर्यायासह चालवा. तरीही दिसलं नाही, तर तो उपफोल्डर थीमच्या 'इंडेक्स डॉट थीम' फाइलमधल्या डिरेक्टरीज ओळीत आहे का ते बघा. नसलेले आयकॉन इनहेरिट्स ओळीतल्या थीममधून आणि शेवटी हायकलर या सामायिक थीममधून येतात, म्हणून अख्खा संच काढत बसू नका.

गडद रंगसंगतीत केडीईबाहेर (केडीई म्हणजे प्लाझ्मा बनवणारा प्रकल्प) ब्रीझचे आयकॉन काळ्यावर काळे दिसू शकतात, कारण त्यांना रंग चढवणारी केडीईची यंत्रणा तिथे नसते. ब्रीझ-डार्क निवडा.

फ्लॅटपॅकमधल्या (बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या पॅकेजमधल्या) प्रोग्रॅमना होममधला जुना 'डॉट आयकॉन्स' फोल्डर सहसा दिसत नाही. थीम 'डॉट लोकल'मधल्या 'शेअर'खालच्या 'आयकॉन्स'मध्ये हलवा आणि प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.