मणक्याच्या बाकाचा एक्स-रे: छाती फिल्मकडे, पाठ ट्यूबकडे

मणक्याला बाक असलेल्या मुलांचे वाढ थांबेपर्यंत बरेच एक्स-रे निघतात, म्हणून प्रत्येक वेळी तंत्रज्ञांना आधीच सांगा: “पाठीकडून घ्या.” किरण पाठीतून शिरले की स्तन आणि थायरॉईडपर्यंत फार कमी पोहोचतात, वाढत्या मुलींसाठी हे फारच महत्त्वाचं. बाजूचा फोटो दर खेपेला लागत नाही, डॉक्टरांना विचारा. करदोडा, साखळी, क्लिपा आधीच काढा. मूल हललं की फोटो पुन्हा.

गडहिंग्लज-चंदगडहून कोल्हापूरला येताना जुन्या फिल्म आणि सीडी आणाच, नाहीतर तोच एक्स-रे परत काढावा लागतो. बाकाच्या कोनात ५ अंशांपर्यंतचा फरक मोजणीतलाही असू शकतो. तेवढ्यावरून घाबरून लगेच दुसरा काढू नका.