मूत्रमार्गाला इजा झाल्यास उपचार कसे ठरतात

अपघातात पेल्विसचे (कमरेखालच्या कटिभागाचे) हाड मोडल्यावर किंवा सायकलच्या दांडीवर आदळून दोन्ही मांड्यांमध्ये जोराचा मार बसल्यावर मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसत असेल, लघवी लागूनही होत नसेल किंवा ओटीपोट फुगून दुखत असेल, तर मूत्रमार्गाला इजा झाली आहे असे धरूनच चालावे. रुग्णाला कुंथून लघवी करायला लावू नये. युरोलॉजिस्ट (मूत्ररोगतज्ज्ञ) असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे.

येथे कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची नळी, घालण्याची घाई घातक ठरू शकते, कारण अर्धवट फाटलेला मार्ग जोर लावल्याने पूर्ण तुटण्याची भीती असते. म्हणून प्रकृती स्थिर असल्यास आधी मूत्रमार्गाच्या तोंडातून डाय (एक्स-रेत उठून दिसणारा द्रव) सोडून एक्स-रे काढतात. डाय मूत्राशयापर्यंत पोहोचतो की वाटेतच बाहेर पसरतो, यावरून मार्ग किती आणि कोठे फाटला आहे हे कळते.

मार्ग अर्धवट फाटला असेल, तर दुर्बिणीच्या साहाय्याने बसवलेला कॅथेटर साधारण 2 ते 3 आठवडे ठेवून जखम भरू देतात आणि तो काढताना पुन्हा डायची तपासणी करतात. पूर्ण तुटला असेल, तर बहुधा ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालून लघवीला वाट करून देतात. चाकू किंवा गोळीची जखम, शिश्नाचे फ्रॅक्चर (ताठर असताना आतले आवरण फाटणे) आणि स्त्रियांमधील इजा यांत मात्र शक्य असल्यास लवकर शस्त्रक्रिया करून मार्ग शिवतात.

पेल्विसच्या फ्रॅक्चरमुळे तुटलेला मार्ग जोडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे युरेथ्रोप्लास्टी, सहसा किमान 3 महिन्यांनी होते. पोटावर नळी बाळगत एवढे थांबणे रुग्णाला फार जड जाते, हे घरच्यांनी समजून घ्यावे; पण रक्ताची गाठ विरून सूज ओसरल्याशिवाय मार्गाची टोके नीट जुळत नाहीत. या काळात नळीला जोडलेली लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी, नळीला पीळ वा ताण पडू देऊ नये आणि ताप आल्यास किंवा लघवी यायची थांबल्यास लगेच दाखवावे.

अशा इजेनंतर शिश्नात ताठरता न येण्याची तक्रार अनेकदा नसा व रक्तवाहिन्यांना झालेल्या मूळ इजेमुळे असते. तिच्यावर उपचार आहेत, तेव्हा संकोच न करता डॉक्टरांना सांगावे.

जखम भरल्यानंतरही व्रणामुळे मार्ग आकसू शकतो. धार बारीक होऊ लागली, तर लघवीच्या वेगाची तपासणी करून घ्यावी. आकसलेला भाग वारंवार नुसता रुंद करत राहण्यापेक्षा युरेथ्रोप्लास्टीबद्दल स्पष्ट विचारावे. मूत्रमार्गाच्या पुढच्या भागातील लांब अडथळ्यासाठी गालाच्या आतील अस्तराचा तुकडा लावूनही ती करता येते.