कुत्र्यासाठी वेगळा टोप चढवा

दुपारची जेवणं झाली की उरलेला भात, माशाचं सार आणि काटे एकत्र कालवून पडवीत कुत्र्यापुढे ठेवायचे, ही आपल्या कोकणातली जुनी रीत. आमचा मोती पिल्लू असताना पेजेवर आणि असल्याच कालवलेल्या भातावर वाढला. पोट रोज भरायचं, पण पुढचे पाय वाकायला लागले. कॅल्शियम कमी पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या चुलीवर त्याचा वेगळा टोप चढतो.

भात बंद करायची गरज नाही. माणसाजवळ राहून कुत्र्याला तो लांडग्यापेक्षा कितीतरी चांगला पचू लागला आहे. पण अंग धरतं ते प्रथिनांवर. दहा किलोच्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 ते 650 कॅलरी लागतात. त्यासाठी 200 ग्रॅम मऊ शिजलेला भात, 150 ग्रॅम उकडलेलं चिकन किंवा मासा, एक उकडलेलं अंडं, थोडा लाल भोपळा किंवा दुधी आणि छोटा चमचा खोबरेल घ्या. मीठ-मसाला काही नको. हे दोन वेळांत वाटून द्या. अंड्याचं कवच धुऊन, भाजून, वस्त्रगाळ करा आणि अर्धा छोटा चमचा रोज मिसळा, कारण मांसात कॅल्शियम फारच थोडं असतं. बाकीची खनिजं-जीवनसत्त्वं कोणती द्यायची ते मात्र डॉक्टरांना विचारा. पिल्लाचं गणित वेगळं असतं. चार महिन्यांपर्यंत त्याला दिवसातून तीन-चारदा लागतं, आणि त्याचं कॅल्शियम अंदाजाने कधीच देऊ नका.

मासा शिजवूनच द्या. काही कच्च्या माशांतला एक घटक ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतो, तो शिजवल्यावर निकामी होतो. बांगडा उकडला की मधला काटा अख्खा सुटून येतो, पण खरी मेहनत पुढे आहे. मांस कोमट झालं की चिमटीत धरून अंगठ्याने हळूहळू कुस्करत जा. बोटाला टोचलं की तो बारीक काटा काढून टाका. दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. सुकट आणि खारे बांगडे नकोत, त्यांत मीठ फार. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा चिकन आणि अंड्यांवर भागवा.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की वाळूत केंड, म्हणजे फुगणारे विषारी मासे, पडलेले दिसतात. कुत्र्याला तिथे साखळीशिवाय सोडू नका. केंडाचं विष शिजवूनही जात नाही.

कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि शिजवलेली हाडं घरातल्या सगळ्यांना सांगून बंद करा, पाहुण्यांनासुद्धा. मे महिन्यात आंब्याचे बाठे झाकून टाका. गिळलेला बाठा आतड्यात अडकला तर ऑपरेशनच करावं लागतं.

नवं जेवण एकदम सुरू करू नका. सात दिवसांत जुनं कमी करत, नवं वाढवत न्या. नंतर दर पंधरा दिवसांनी बरगड्यांवरून हात फिरवा. हाताला लागल्या, पण डोळ्यांना उठून दिसल्या नाहीत, तर प्रमाण बरोबर आहे. हाताला लागतच नसतील तर आधी भात कमी करा, मासा नाही.