फळं, क्रीम आणि मेरिंगचे ग्लास: आधी काय करून ठेवायचं आणि कशाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही

पहिल्यांदा केलं तेव्हा मी शहाणपणा करून सकाळीच सगळे ग्लास भरून फ्रिजमधे ठेवले होते, म्हटलं संध्याकाळी पाहुणे आले की नुसते बाहेर काढायचे. संध्याकाळी बघते तर मेरिंग गायब! तळाशी गोड गुलाबी पाणी आणि वर खचलेलं क्रीम, बास. मेरिंग म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसात अडकवून वाळवलेली साखर, मिळेल तिथून पाणी ओढून घेते, फळांतून, क्रीममधून, नुसत्या दमट हवेतून पण. त्यामुळे हे आधी एकत्र करून ठेवायचं नाही, सगळं वेगवेगळं तयार ठेवायचं आहे. ग्लास भरायचे ते जेवणं उरकल्यावरच.

6 ग्लासांचा हिशोब सांगते. 3 अंडी (फक्त पांढरं), 165 ग्रॅम साखर, अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस, 400 मिली व्हिपिंग क्रीम, साधारण 600 ग्रॅम फळं आणि फळांवर घालायला 2 मोठे चमचे साखर. मेरिंग थोडं जास्तच होईल, होऊ दे, येता जाता तुकडे तोंडात टाकणारे घरात असतातच.

आदल्या दिवशी, खरंतर दोन दिवस आधी केलं तरी चालतं, फक्त मेरिंग करायचं. अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडायची कारण थंड असताना बलक घट्ट असतो, फुटत नाही, पण पांढरं फेटायचं मात्र अर्ध्या तासाने, रूम टेंपरेचरला आल्यावर, तेव्हा ते जास्त फुगतं. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडायचं आणि मग मोठ्या भांड्यात ओतायचं. तिसऱ्या अंड्याचा बलक फुटून आधीची दोन पांढरी वाया गेली की मग कळतं ही जादाची वाटी कशाला. बलकाचा थेंब म्हणजे फॅट, आणि फॅट असलं की फेस नीट धरतच नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, प्लॅस्टिकला कितीही घासलं तरी तेलकटपणा राहतो. मी भांडं आणि बीटरची पाती लिंबाच्या फोडीने पुसून घेते, वेळ लागतो दहा सेकंद.

साखर मिक्सरमधून एकदा हलकी फिरवून घ्यायची, रव्याहून थोडी बारीक होईल इतपतच, एकदम पिठीसाखर नको. पांढरं लिंबाच्या रसाबरोबर फेटत राहायचं, बीटर उचलल्यावर मऊ शेंडे वाकायला लागले की साखर घालायला सुरुवात, पण एकेक मोठा चमचा, आणि दोन चमच्यांच्या मधे चांगलं अर्धा मिनिट फेटायचं. इथे सगळ्यांना घाई होते आणि इथेच मेरिंग बिघडतं. टेस्ट अशी: थोडा फेस अंगठा आणि बोटात धरून चोळून बघा. कचकच लागली तर साखर विरघळलेली नाही, फेटत रहा. न विरघळलेली साखर भाजताना पाक होऊन खालून पाझरते, मेरिंगखाली ते चिकट तपकिरी मणी दिसतात ना, ते हेच. गुळगुळीत लागलं, फेस चकचकीत झाला आणि शेंडा ताठ उभा राहिला की झालं.

आता एक गोंधळ आधीच मिटवते. पाव्हलोव्हाची, म्हणजे मेरिंगच्या मोठ्या केकची, रेसिपी बघून हे करायला जाऊ नका. पाव्हलोव्हामधे कॉर्नफ्लोर आणि व्हिनेगर घालतात कारण त्यात आतला भाग मऊ, मार्शमेलोसारखा हवा असतो. (नाव आना पाव्हलोव्हा या रशियन बॅले नर्तकीवरून, ती 1926 मधे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होती आणि हा पदार्थ नक्की कोणाचा यावरून त्या दोन देशांचं अजून भांडण चालू आहे.) आपल्याला ग्लासात घालायला आतपर्यंत वाळलेलं, कडकडीत मेरिंग हवं. म्हणून ट्रेवर बेकिंग पेपर घालून छोटे छोटे गोळे टाकायचे, लिंबाएवढे, आकार वाकडातिकडा चालेल कारण शेवटी चुरायचेच आहेत. ओव्हन 100 डिग्री, पंख्यावाला असेल तर 90, दीड तास. हे भाजणं नाहीच, वाळवणं आहे, रंग पांढराच राहिला पाहिजे. गोळा कागदावरून अलगद सुटला आणि खालून टिचकी मारल्यावर पोकळ वाजला की ओव्हन बंद, पण दार उघडायचं नाही, आतच पूर्ण गार होऊ द्यायचं, रात्रभर राहिलं तरी उत्तम.

आणि ओव्हनवर चिठ्ठी लावा!! हसू नका. माझं मेरिंग आत निवांत गार होत होतं आणि घरातल्या एकाने पिझ्झा गरम करायला आत न बघताच ओव्हन 200 वर लावला. जळक्या साखरेचा वास दोन दिवस गेला नाही.

गार झालं की लगेच हवाबंद डब्यात, ओट्यावर उघडं ठेवायचं नाही आणि फ्रिजमधे तर अजिबातच नाही. कोरडा डबा असेल तर आठवडाभर टिकतं. पावसाळी दमट हवेत डब्याबाहेर काढल्यावर तासाभरात चिकट होतं, झालंच तर परत 100 डिग्रीवर पंधरा-वीस मिनिटं ठेवून गार करा, बहुतेक वेळा सुधारतं. उरलेले 3 बलक वाटीत घालून वर चमचाभर पाणी टाकून झाकून फ्रिजमधे, दोन दिवसांत वापरून टाकायचे, लेमन कर्ड (दही नव्हे, लिंबू, बलक, साखर आणि लोण्याचं घट्ट क्रीम) केलं तर ह्याच ग्लासात एक आंबट थर पण होतो.

क्रीमचं खरं काम खरेदीच्या वेळीच असतं. पाकिटावर फॅट किती ते वाचा, 35 टक्के किंवा जास्त हवं. 25 टक्केवालं कितीही वेळ फेटा, ते पातळच राहतं, हात दुखतो तेवढा. नॉन-डेअरी घेतलं तर ते आधीच गोड असतं, वरून साखर घालू नका, उभं छान राहतं पण चवीला मला खरं क्रीमच आवडतं. क्रीम रात्रीच फ्रिजमधे ठेवायचं, भांडं आणि पाती फेटायच्या आधी अर्धा तास फ्रीजरमधे. क्रीममधे साखर जवळजवळ नकोच, एक चमचा फार झाला, मेरिंगमधे ढीगभर आहे. पाहुणे यायच्या तासभर आधी फेटा, आणि मऊ असतानाच थांबा, चमच्यावरून जड होऊन ओघळेल इतपत. थोडं पुढे गेलं की रवाळ दिसायला लागतं आणि त्याच्याही पुढे सरळ लोणी.

फळं त्या दिवशीचीच. स्ट्रॉबेरी, रासबेरी, ब्लूबेरी, पीच, जे पिकलेलं आणि थोडं आंबट असेल ते, सगळंच गोड असलं तर दोन घासांत कंटाळा येतो. न शिजवलेलं किवी आणि न शिजवलेला अननस टाळाच, त्यांच्यातल्या एन्झाइममुळे क्रीम थोड्या वेळाने कडू लागतं. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायच्या, पुसायच्या आणि मग देठ काढायचे, उलटं केलं तर आत पाणी शिरतं. दोन तृतीयांश फळं चिरून वर साखर आणि थोडं लिंबू घालून अर्धा तास ठेवायची, मस्त रस सुटतो. ग्लासात घालताना फळं चाळणीवर निथळून घ्या, रस फेकू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. उरलेली फळं तशीच, वर लावायला.

आता भरायचं. ग्लास, डबा, क्रीम, फळं, रस सगळं एका ओळीत मांडून ठेवा, कोणालातरी मदतीला घ्या, सहा ग्लास पाच मिनिटांत होतात. तळाला फळं, मग क्रीम, मग हाताने मोडलेलं मेरिंग, परत क्रीम, परत फळं. मेरिंग क्रीमच्या मधे ठेवायचं, फळांना थेट चिकटू द्यायचं नाही, आणि तुकडे मोठेच ठेवायचे, भुगा लगेच विरघळतो. वरून बाजूला ठेवलेला रस चमचाभर सोडायचा आणि लगेच द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं तो कुरकुरीतपणा राहतो, फोटो काढायचे असतील तर त्यातच काढा.

हो, एक राहिलं, लांब दांड्याचे चमचे आहेत का ते आधी बघून ठेवा. उंच ग्लास आणि छोटे चमचे असं झालं की तळातली फळं काढायला सगळे ग्लासात बोटं घालत बसतात.