टक्के सगळ्याच विचारतात, पीएच कुणीच नाही

"ताई, ग्लायकोलिक किती टक्के घालू?" त्वचेचा मृत थर काढणाऱ्या ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर घरी करायला निघालेल्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न हाच. पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), किती ठेवू, असं अजून एकीनंही विचारलेलं नाही.

मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून ग्लायकोलिकची ७० टक्क्यांची बाटली आणायची, एकूण १०० ग्रॅम टोनरमध्ये त्यातले १० ग्रॅम घालायचे, की झाले ७ टक्के. हिशेब बरोबर आहे. पण नुसत्या पाण्यात ते मिश्रण पीएच २ च्या आसपास जातं, म्हणजे जवळजवळ लिंबाचा रसच. घरच्या वापराला ॲसिड १० टक्क्यांच्या आत आणि पीएच ३.५ च्या खाली नाही, ही हद्द मी ओलांडत नाही. ३.८ ला निम्मं ॲसिड मोकळं, म्हणजे त्वचेवर काम करणारं, असतं, तेवढं पुरे. ५ च्या वर नेलंत तर बहुतेक ॲसिडचा क्षार (सॉल्ट) होतो, मोकळं फारसं उरत नाही, मग टोनर लावला काय आणि न लावला काय.

मीही शहाणी नव्हते. पीएच मीटर घेतला, दोन महिने ड्रॉवरमध्ये कोरडा पडू दिला आणि एका रात्री त्यानं ३.८ दाखवल्यावर बिनधास्त गालांना टोनर लावला. चुरचुर झाली, तर वाटलं, काम करतंय! सकाळी नाकाच्या कडेची कातडी सोललेली, आणि चार दिवसांवर मावसबहिणीचा साखरपुडा. फोटोंत मी सगळीकडे मागच्या रांगेत आहे. नंतर मीटर ४.०१ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच पक्का ठरलेल्या द्रावात, बुडवला, तर आकडा ५.२! म्हणजे त्या रात्रीचा टोनर ३.८ च्या बराच खाली होता. आता दर वेळी आधी ७ चं बफर, मग ४ चं, आणि मगच टोनर. मीटरचं टोक, म्हणजे इलेक्ट्रोड, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावात ठेवते, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही. रंगावरून पीएच सांगणारा १ ते १४ वाला स्वस्त कागद मला चालत नाही. ट्यूबलाइटखाली २ आणि ३ चा नारिंगी ओळखून दाखवा.

पीएच वाढवायला खायचा सोडा घालणाऱ्यांना हात जोडते. फेस येतो, वायू हळूहळू निघत राहतो, आकडा सरकत राहतो, आणि झाकण घट्ट लावलंत तर बाटलीत दाब साठतो. मी सोडियम हायड्रॉक्साइडचा (कॉस्टिक सोड्याचा) १० टक्क्यांचा द्राव थेंबाथेंबानं घालते, हातमोजे आणि चष्मा घालून. द्राव करताना हायड्रॉक्साइड पाण्यात घालायचं, त्यावर पाणी ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको. घाई असेल त्यांनी तयार टोनर विकत घ्यावा, माझं काही म्हणणं नाही.

चमच्यानं मोजू नका. ७० टक्क्यांचा द्राव पाण्यापेक्षा जड असतो, ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या.

ग्लायकोलिकऐवजी सॅलिसिलिक ॲसिड घेणार असाल, तर ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. आधी प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवा, आणि २ टक्क्यांच्या वर नको.

लिंबू पिळायचं ते पोह्यांवर, टोनरमध्ये नाही.

"ॲसिडच आहे, त्यात काय वाढणार?" जुलैत वाढतं. दादरच्या घरात, खिडकीपाशी ठेवलेल्या बाटलीत मी बुरशीचे काळे ठिपके पाहिलेत. या पीएचला सोडियम बेंझोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह चांगलं चालतं, ते घाला.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. मग आठवड्यातून दोनदा, रात्री. दिवसा सनस्क्रीन हवंच, लोकलच्या खिडकीत बसणार असाल तरी.

आणि ७० टक्क्यांच्या बाटलीवर मार्करनं ठळक लिहून ठेवा. माझ्या आईनं ती एकदा गुलाबपाणी समजून उचलली होती.