वाडा पडलेल्या प्लॉटवर जुनी नाणी कशी शोधायची

आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इकडे वाडे पडतायत आणि नवीन बिल्डिंग उभी राहीपर्यंत प्लॉट तसाच पडून असतो, वर राडारोडा आणि गल्लीभरचा कचरा. मेटल डिटेक्टर घेतलाय त्यांना माझं सांगणं, अशाच जागी जा. पण आधी मालकाकडून लेखी परवानगी घ्या. आणि १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, जमिनीतून निघालेला ऐवज १० रुपयांच्या वरचा असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, म्हणजे चांदीचा एक रुपया निघाला तरी. संरक्षित स्मारकाजवळ तर मशीन काढूच नका.

मोठी कॉइल (मशीनच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी) घरी ठेवा, पाच-सहा इंचाची लहान लावा. मोठीच्या खाली एका वेळी चार खिळे, पत्र्याचा तुकडा आणि नाणं सगळंच येतं, मग नाण्याचा आवाज दबतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा तिखटपणा, थोडी उतरवा. नवे लोक इथेच चुकतात, डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज गाळायची सोय) वाढवून लोखंड पार गप्प करतात, पण मग खिळ्याला चिकटून पडलेलं नाणंही गप्प होतं! लोखंडाची कुरकुर ऐकू येऊ द्या, त्यातूनच एखादा स्वच्छ बारीक आवाज पकडायचा असतो.

अख्खा प्लॉट फिरू नका. खाटेएवढा तुकडा धरा, वरची सोड्याची बुचं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, जेवणाची फॉइल हाताने उचला (ग्लोव्हज घालून, काच फार असते, धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलेलं असू द्या) आणि मग कॉइल अगदी सावकाश फिरवा. तुकडा कुठला? ओटा, उंबरठा, तुळशीवृंदावन, विहीर कुठे होती ते शेजारच्या आजोबांना विचारा, लोक जिथे बसायचे-उठायचे तिथेच पैसे पडायचे.

धातू सापडला की मशीनच्या पडद्यावर आकडा दिसतो, ते आकडे प्रत्येक मशीनचे वेगळे, म्हणून घरची नाणी नेऊन आधी तपासा. तांबं-चांदी वरच्या आकड्याला बोलते, स्टीलचा आत्ताचा रुपया लोखंडासारखा, आणि १९४७ चा निकेलचा रुपया तर चक्क लोहचुंबकाला चिकटतो. आवाज आला की काटकोनात वळून परत बघा, नाणं दोन्हीकडून सारखं वाजतं, खिळ्याचा आवाज बहुतेक वेळा एका बाजूने तुटतो. गंजलेलं बूच मात्र फसवतंच, तिथे खणण्यावाचून इलाज नाही.

भोकाचा पैसा, म्हणजे १९४३ ते ४७ चा, ओळखायला सोपा. पण मला खरी ओढ सयाजीराव महाराजांच्या तांब्याच्या पैशाची, घोड्याची टाप आणि तलवार असलेल्या. माझ्याकडे असा एक घरातलाच होता, आजीच्या डब्यातला, तो मी लहानपणी देवाच्या भांड्यांसारखा चिंचेने घासला आणि टाप जवळजवळ गेलीच, ते अजून लागतं मनाला. म्हणून हात जोडून सांगतो, हिरवट पुट असलं तरी चिंच, लिंबू, ब्रश काही लावू नका. साध्या पाण्यात माती सुटू द्या, सुकवा, जागा लिहिलेल्या कागदी पाकिटात ठेवा. आणि खड्डा त्याच मातीने बुजवा, तिथे पोरं क्रिकेट खेळतात.