ग्लायडर ट्रक घेताना: आधी कागद, मग इंजिन, केबिन सगळ्यात शेवटी

अमेरिकेत स्वतःचा ट्रक घ्यायला निघालेल्या माणसाला ग्लायडरची जाहिरात कधी ना कधी दिसतेच. पीटरबिल्ट ३८९, २०१६ची केबिन, आत ‘नव्याने बांधलेलं’ डेट्रॉइट सिरीज ६० इंजिन, ना डीपीएफची (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) कटकट ना डीईएफची (धूर साफ करायला लागणारं युरियाचं द्रव). ग्लायडर किट म्हणजे कारखान्यातून आलेली नवी केबिन, नवी चासी, पुढचा अ‍ॅक्सल आणि वायरिंग. इंजिन, गिअरबॉक्स आणि बहुतेकदा मागचे अ‍ॅक्सल जुन्या ट्रकमधून काढून त्यात बसवलेले असतात. आपल्याकडे चासी विकत घेऊन तिच्यावर मनासारखी बॉडी बांधून घेतात. इथे बॉडीसकट चासी घेऊन तिच्यात जुनं काळीज बसवतात.

हा धंदा फोफावला तो प्रदूषणाच्या नियमांमुळे. ऑक्टोबर २००२ पासून ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा), २००७ पासून डीपीएफ आणि २०१० पासून एससीआर (डीईएफ फवारून धूर साफ करणारी यंत्रणा) आलं. त्याआधीची इंजिनं दुरुस्तीला सोपी, म्हणून तीच नव्या केबिनमध्ये घालायची वाट निघाली. २०१६च्या नियमाने २०१८ पासून त्यावर लगाम घातला: जुन्या मानकाचं इंजिन घातलेले ग्लायडर लहान उत्पादकाला वर्षाला जास्तीत जास्त ३००. त्यामुळे बाजारात दिसतात ते मुख्यतः त्याआधी बांधलेले, वापरलेले ट्रक. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: इंजिन नव्याने बांधलं कधी, आणि त्यानंतर ते किती मैल चाललं? २०१५ साली बांधलेलं आणि त्यानंतर सहा लाख मैल धावलेलं इंजिन ‘रीबिल्ट’ म्हणून विकणं खोटं नाही, पण ते पुन्हा उघडायची वेळ जवळ आली आहे.

कागद

टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, चासीच्या रेलवर ठोकलेल्या आकड्याशी आणि दाराच्या चौकटीतल्या पट्टीशी ताडून पाहा, तिन्हीचे फोटो काढा. मग इंजिनच्या प्लेटचा आणि व्हॉल्व्ह कव्हरवरच्या एमिशन लेबलचा. लेबल खरवडलेलं किंवा गायब असेल तर पुढे बोलूच नका.

जुन्या ट्रकचं, म्हणजे डोनरचं बिल मागा. संघीय सुरक्षा नियमाप्रमाणे नव्या केबिनचा ट्रक ‘नवीन वाहन’ धरला जाऊ नये यासाठी इंजिन, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह अ‍ॅक्सल हे तिन्ही वापरलेले हवेत आणि त्यातले किमान दोन एकाच ट्रकमधून आलेले हवेत. इंजिन एकीकडचं, गिअरबॉक्स दुसरीकडचा, अ‍ॅक्सल तिसरीकडचे असं असेल, तर तो ट्रक कायद्याने नवा ठरतो आणि बांधणीच्या वर्षाची सगळी सुरक्षा मानकं त्याला लागतात. डोनरचा व्हीआयएन दाखवता न येणारा विक्रेता टाळावा.

अवजड ट्रकच्या पहिल्या किरकोळ विक्रीवर १२ टक्के संघीय अबकारी कर असतो. दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या ट्रकच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या आत असेल तर तो ट्रक नवा धरत नाहीत, अशी सवलत आहे. ग्लायडरवाले तिच्यावर भिस्त ठेवतात. ‘कर भरला आहे’ किंवा ‘या कारणाने लागू नाही’, यातलं एक विक्रेत्याकडून लेखी घ्या. किट आणून स्वतः जुळवणार असाल तर ही जोखीम थेट तुमच्या गळ्यात येते. आधी कर सल्लागाराला गाठा.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ईएलडीच्या, म्हणजे ड्रायव्हरचे गाडी चालवण्याचे तास आपोआप नोंदवणाऱ्या सक्तीच्या यंत्राच्या बाबतीत. सूट मिळते ती इंजिनाच्या वर्षावरून, केबिनच्या नव्हे, आणि ते वर्ष १९९९ किंवा आधीचं असावं लागतं. ‘ईजीआरच्या आधीचं आहे, ईएलडी लागत नाही’ हे वाक्य विक्रेते सर्रास फेकतात. पण कॅटरपिलरचं लोकप्रिय ६एनझेड सी१५, कमिन्स एन१४ किंवा सिरीज ६० ईजीआरशिवायचं असूनही २००० किंवा २००१चं असू शकतं. त्याला सूट नाही. इंजिनाच्या वर्षाचा पुरावा कंपनीच्या कचेरीत ठेवायचा असतो, तरी एक प्रत गाडीत असू द्या: नाक्यावरच्या अधिकाऱ्याला व्हीआयएनमध्ये २०१६ दिसतं. आणि सूट यंत्रापुरतीच आहे, कागदी लॉग आणि तासांची मर्यादा सुटत नाही.

कॅलिफोर्नियाचा माल उचलायचा असेल तर हा लेख इथेच बंद करा. जानेवारी २०२३ पासून तिथे १४,००० पौंडांवरच्या डिझेल गाडीला २०१० किंवा त्यानंतरच्या मानकाचं इंजिन लागतं.

इंजिन ‘बांधलं’ म्हणजे नेमकं काय

एकाच शब्दाखाली तीन वेगळी कामं खपवली जातात. इन-फ्रेम म्हणजे इंजिन चासीतच ठेवून पिस्टन, लाइनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), रिंगा, बेअरिंगं आणि गॅस्केटं बदलणं. यात क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) बाहेर निघत नाही, म्हणून तो तपासलाही जात नाही. आउट-ऑफ-फ्रेममध्ये ब्लॉक मोकळा करून धुतात, क्रँकला तडे आहेत का ते चुंबकीय चाचणीने पाहतात, लाइन बोअर, म्हणजे मेन बेअरिंगच्या बैठका एका रेषेत आहेत का, ते मोजतात. तिसरं कंपनीचं रीमॅन, म्हणजे इंजिन कंपनीनेच पुन्हा तयार केलेलं, स्वतःच्या सीरियल नंबरचं आणि देशभरच्या डीलरकडे चालणाऱ्या वॉरंटीचं. ग्लायडरमध्ये इंजिन नाहीतरी बाहेर काढलेलंच असतं, त्यामुळे तिथे फक्त इन-फ्रेमएवढे भाग बदलले असतील तर ती निव्वळ कंजुषी.

बिलावर मोजून पाहा: सहा पिस्टन, सहा लाइनर, सहा जोड्या रॉड बेअरिंग, सात जोड्या मेन बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, नवे हेड बोल्ट, सहा इंजेक्टर, ऑइल पंप, वॉटर पंप, ऑइल कूलर, टर्बो. हमखास गाळली जाते ती क्रँकच्या पुढची व्हायब्रेशन डँपर. तिच्यातलं सिलिकॉन द्रव काळाने घट्ट होतं, बाहेरून काही कळत नाही, आणि मग कंप क्रँकवर येतो. जुनी डँपर तशीच ठेवली असेल तर नव्या डँपरचा खर्च किमतीतून कापून घ्या.

सी१५ असेल तर लाइनर किती वर उभे आहेत ती मोजमापं मागा. लाइनरचा काठ स्पेसर प्लेटच्या (ब्लॉक आणि हेडमधली पट्टी) वर ०.००१ ते ०.००६ इंच यायला हवा, आणि एकाच लाइनरच्या चार बाजूंच्या मापांत ०.००२ इंचांहून जास्त फरक नको. ब्लॉकमधली बैठक झिजली की लाइनर खाली बसतो, हेड गॅस्केट दाबली जात नाही आणि इंजिन पाणी फेकायला लागतं. बैठक न कापता नवे लाइनर टाकले तर काही महिन्यांत हेच पुन्हा. चांगला मेकॅनिक ही मापं लिहून ठेवतो. ‘सगळं ओके होतं’ म्हणणाऱ्याने बहुधा मोजलेलंच नसतं.

स्वतः करायची तपासणी

जाण्याआधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी या. थंड स्टार्टला पांढरा धूर क्षणभर ठीक, निळा रेंगाळला तर तेल जळतंय. गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून उलटं ठेवा: हलकी वाफ चालते, झाकण उडायला लागलं तर रिंगा गेल्या. खरं उत्तर हवं तर डायनोवर (इंजिनावर भार टाकून तपासणारं यंत्र) पूर्ण लोडमध्ये क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतला दाब मोजून घ्या.

पाण्याची चाचणी रात्रभराची. रेडिएटरला सुमारे १५ पीएसआय दाब द्या, तेल काढून ड्रेन प्लग उघडा ठेवा, खाली पुठ्ठा अंथरा. सकाळी पुठ्ठ्यावर कूलंटचा थेंब दिसला तर लाइनरचं सील किंवा इंजेक्टरचा कप गळतोय.

ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा डेटा उतरवून घ्या. डॅशवरचा ओडोमीटर ग्लायडरबरोबर शून्यापासून सुरू होतो. ईसीएममध्ये डोनरचे तास असतात किंवा मधेच पुसलेले असतात. तास आणि मैल जुळत नसतील तर कारण विचारा. ताज्या बदललेल्या तेलाचा नमुना तपासून काही हाती लागत नाही, मागचे दोन-तीन अहवाल मागा. त्यात सोडियम, पोटॅशियम म्हणजे पाणी तेलात. शिसं, तांबं वाढत असेल तर बेअरिंग.

रिकामी गाडी पळवून समाधान मानू नका, भरलेला ट्रेलर लावून चढ चढवा. ५०-६० मैलांच्या वेगाला जमिनीतून थरथर आली तर ड्राइव्हशाफ्टचे कोन चुकलेत. वेगवेगळ्या ट्रकांचे भाग जुळवताना हे नेहमी होतं. नवा डॅश जे१९३९ या डेटा-भाषेत बोलतो आणि जुनं इंजिन जुन्या जे१७०८मध्ये, म्हणून मधल्या भाषांतर करणाऱ्या मॉड्यूलमुळे काटे खोटं दाखवू शकतात. तेलाचा दाब यांत्रिक गेज लावून एकदा पडताळाच.

वॉरंटीत तीन गोष्टी लेखी हव्यात: मजुरी धरली आहे का, एक भाग तुटून दुसरा बिघडला तर भरपाई आहे का, आणि दुसऱ्या राज्यात बंद पडल्यास कोण दुरुस्त करणार. ‘फक्त आमच्या गॅरेजात आणा’ ही वॉरंटी हजार मैलांवर शून्य.

सौदा झाला की केबिनमध्ये एक कार्ड ठेवा: चासीचा व्हीआयएन, इंजिन सीरियल, गिअरबॉक्सचा मॉडेल नंबर, मागच्या अ‍ॅक्सलचं रेशो. पार्टच्या काउंटरवर व्हीआयएन टाकल्यावर इंजिनच्या जागी काहीच येत नाही, आणि रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन प्लेट शोधत बसायची वेळ येते.